प्रोसेसर वरचा घेऊ की ग्राफिक्स?

प्रश्न: मी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, लॅपटॉप बदलायचाय. एकाच मॉडेलचे दोन प्रकार बघून ठेवलेत, किंमत जवळपास सारखीच. एकात प्रोसेसर आय-७ १३७००एच आणि ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०५०, दुसऱ्यात आय-५ १३५००एच आणि आरटीएक्स ४०६०. रॅम दोन्हीत १६ जीबी. काम म्हणजे मॉडेल करायला रेव्हिट, स्केचअप आणि सबमिशनच्या आदल्या रात्री त्याची चित्रं काढायला, म्हणजे रेंडरला, ल्युमियन. आत्ताच्या लॅपटॉपला जीटीएक्स १६५० आहे, तो झाडं टाकली की मान टाकतो. भाऊ म्हणतो आय-७ सोडू नकोस, मैत्रीण म्हणते कार्ड बघ. काय करू?

उत्तर: मैत्रिणीचं ऐका. भाऊ अगदीच चुकतोय असं नाही, पण 'आय-७' या नावाचा आपल्याकडे उगाच दरारा आहे. तुमच्या आय-७ मधे ६ मोठे आणि ८ छोटे असे १४ कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) आहेत, आय-५ मधे ४ मोठे आणि ८ छोटे, म्हणजे १२. आता रेव्हिट आणि स्केचअपमधे मॉडेल करताना बरंचसं काम एकाच कोअरवर चालतं, बाकीचे नुसते बसून असतात, त्यामुळे तिथे बघायचा तो एका कोअरचा वेग, आणि तो आय-७ चा जास्तीत जास्त ५ गिगाहर्ट्‌झ तर आय-५ चा ४.७. फरक साधारण ६ टक्के. फाइल उघडायला मिनिट लागत असेल तर तीन-चार सेकंद वाचतील, तेही कागदावर.

कार्डाचं तसं नाही. ४०५० मधे २५६० कुडा कोअर (कार्डातले छोटे छोटे कोअर) आणि ६ जीबी मेमरी, ४०६० मधे ३०७२ आणि ८ जीबी. कोअर २० टक्के जास्त आहेत ते ठीक, पण तुमच्यासाठी खरी गोष्ट ती वरची २ जीबी आहे. तुमचा १६५० झाडांवर का अडतो? त्याच्याकडे मेमरी ४ जीबीच, आणि झाडं, गवत, मोठमोठे टेक्श्चर (पृष्ठभागांवर चढवलेली चित्रं) सगळं त्यातच मावायला हवं. नाही मावलं की उरलेलं रॅममधे जातं, कार्डाला ते तिथून ओढून आणावं लागतं, आणि मग कॅमेरा फिरवला की पडदा धक्के खात फिरतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःच बघा. तुमचा एखादा जड सीन ल्युमियनमधे उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्समधे जाऊन जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स, निवडा. एकापेक्षा जास्त जीपीयू दिसतील, त्यातला एनव्हिडियाचा. खाली डेडिकेटेड मेमरी, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, असं लिहिलेलं असतं, तो आकडा ४ ला टेकलेला आणि वर प्रोसेसर निवांत २०-३० टक्क्यांवर दिसला तर वाद संपला, भावाला पण दाखवा. उलट प्रोसेसरच १०० ला चिकटलेला असेल तर मला खोटं पाडलंत. आणि हो, पुढे व्ही-रे या सॉफ्टवेअरने रेंडर करणार असाल आणि ते सीपीयू मोडमधे, म्हणजे प्रोसेसरवर, तर गणित फिरतं, तिथे सगळे कोअर राबतात आणि मग आय-७ ला अर्थ आहे.

एक मात्र घेण्याआधी बघाच. ४०५० काय आणि ४०६० काय, दोन्ही ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत मिळतात आणि डब्यावर नाव तेच. पातळ लॅपटॉपमधला कमी वॉटचा ४०६० जाड्या लॅपटॉपमधल्या पूर्ण वॉटच्या ४०५० च्या मागे पडू शकतो. तुमचं मॉडेल एकच आहे म्हणून बहुतेक प्रश्न येणार नाही, तरी कंपनीच्या माहितीपत्रकात मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर किंवा टीजीपी, म्हणजे कार्डाला मिळणारे वॉट, शोधा. लिहिलेलंच नसेल तर मला तरी शंका येते.

प्रश्न: माझं काम ऑफिसचं, मोठ्या एक्सेल शीट आणि ब्राउझरमधे पन्नासेक टॅब. दुकानदार म्हणतो ग्राफिक्स कार्डवाला घ्या, फास्ट चालेल. खरं का?

उत्तर: नाही. एक्सेलची गणितं प्रोसेसर करतो, कार्ड वजन वाढवून नुसतं बसेल. ते पैसे रॅममधे घाला. प्रोसेसर बघताना आकड्याच्या शेवटचं अक्षर वाचा, मी एकदा न वाचता फसलोय. नुसता ७ बघून हुरळून घेतला, घरी आल्यावर कळलं शेवटी यू आहे, जड शीट रीकॅल्क्युलेट व्हायला लागली की पहिली काही सेकंदं पळायचा मग दम लागायचा. यू म्हणजे बॅटरी वाचवणारा, साधारण १५ वॉटचा. एच म्हणजे ४५ वॉटचा. आय-७ १३५५यू मधे मोठे कोअर दोनच आहेत, तुमच्या शीटसाठी त्यापेक्षा वरच्या पहिल्या प्रश्नातला आय-५ १३५००एच बरा. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरात वेगळीच गंमत, रायझन ५ ७५२०यू हे नाव ७००० च्या घरातलं, म्हणजे नवं वाटणारं, पण आत झेन २, म्हणजे जुनी रचना, आणि कोअर चारच. दिवसभर चार्जरशिवाय फिरत असाल तर मात्र यू वाईट नाही.

प्रश्न: आत्ता साधा घेऊन नंतर ग्राफिक्स कार्ड बदलता येईल का?

उत्तर: जवळजवळ कुठल्याच लॅपटॉपमधे नाही, प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही बोर्डावर सोल्डर केलेले असतात. थंडरबोल्ट हे वेगवान पोर्ट असेल तर बाहेरून कार्ड जोडता येतं पण वेग थोडा मार खातो आणि तो डबा टेबलावरच राहतो, बॅगेत नाही. एसएसडी बहुतेक वेळा बदलता येते. रॅमचं मॉडेलवर आहे, हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमधे तीसुद्धा सोल्डर केलेली असते, तेव्हा घेतानाच विचारा.