पप्पा कंडक्टर, तांबंही कंडक्टर

"मॅडम, खरं सांगा, सेमीला टाकून आम्ही चूक केली का?"

खुर्चीवर नीट बसायच्या आधीच आईंनी विचारलं. शेजारी सातवीतला मुलगा, दप्तर मांडीवर दोन्ही हातांनी धरून. घरी त्याला दादू म्हणतात, इथेही तेच म्हणू. बाकी ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

चाचणीचे पेपर घरी आले की हा प्रश्न माझ्याकडे येतोच. मूल हुशार आहे, गोष्टी छान सांगतं, गणितही बरं आहे, पण सायन्सचे शब्द काही डोक्यात शिरत नाहीत. मग माध्यम बदलायचं की क्लास लावायचा? की त्याचा तो विषयच नाही म्हणून सोडून द्यायचं? दादूच्या शाळेत पाचवीपर्यंत परिसर अभ्यास मराठीतून होता आणि सहावीला जनरल सायन्सचं इंग्रजी पुस्तक हातात आलं. सहावी कशीबशी निघाली. सातवीत दिवाळीनंतरच्या घटक चाचणीत 20 पैकी 5.

आईंनी पिशवीतून दोनशे पानी वही काढली. कंडेन्सेशन दहा वेळा, रेडिएशन दहा वेळा, मायटोकॉन्ड्रिया दहा वेळा, समोर मराठी अर्थ. अक्षर सुबक. रोज रात्री जेवणं उरकली की त्या स्वतः शेजारी बसून लिहून घ्यायच्या. "तोंडपाठ आहे त्याला सगळं, विचारा तुम्ही." मी विचारलं. खरंच तोंडपाठ होतं.

त्या दिवशी मी जे केलं ते लिहायला आता जरा लाज वाटते. मी त्याच वहीची रंगीत आवृत्ती त्याला दिली. कार्डं करायची, एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी, रोज दहा, झोपताना उजळणी. पंधरा दिवसांत दादू पत्ते पिसावेत तशी ती कार्डं लावून दाखवायला लागला. पुढच्या चाचणीत 6. एक मार्क कार्डांचा वाढला, असं आई म्हणाल्या. मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या असाव्यात.

तेव्हा कुठे मी दोन्ही पेपर मागवून उत्तरं वाचली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. 'सेल म्हणजे काय' या प्रश्नापुढे दादूने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं होतं की तो घड्याळात आणि रिमोटमध्ये असतो. 'सोल्यूशन' म्हणजे गणिताचं उत्तर. 'व्हॉल्यूम' म्हणजे टीव्हीचा आवाज. तिन्हींवर लाल फुली, कारण पेपराला हवे होते पेशी, द्रावण आणि आकारमान. पण बघा, एकही उत्तर खोटं नाही. पत्ता बरोबर आहे, गाव दुसरं. आणि गंमत म्हणजे क्लोरोफिल, मायटोकॉन्ड्रिया असले जिभेला गाठ मारणारे शब्द त्याने बिनचूक लिहिले होते. चुकले होते ते त्याला आधीपासून माहीत असलेले.

नंतर हे मी बऱ्याच मुलांत पाहिलं. परका, लांबलचक शब्द आला की मूल सावध होतं, विचारतं, घोकतं. सेल, चार्ज, करंट, टिश्यू हे मात्र घरातून, मोबाइलच्या दुकानातून, हॉटेलातल्या कागदी रुमालातून आलेले. ते वर्गात भेटले तर विचारायचं काय? मराठी माध्यमातही यातून सुटका नाही. तिथे वजन, काम, बल, शक्ती हे शब्द असेच दगा देतात. वाण्याकडची दोन किलो साखर विज्ञानाच्या पुस्तकात 'वस्तुमान' होते आणि तिचं 'वजन' भरतं साधारण 20 न्यूटन, कारण तिथे वजन म्हणजे पृथ्वी तिला ज्या बलाने ओढते ते. चंद्रावर नेली तर साखर दोन किलोच राहील, वजन मात्र सुमारे सहावा हिस्सा होईल. हे ऐकून एका मुलीने मला विचारलं होतं, "मग वाणी खोटं बोलतो का?" नाही गं बाई. दुकानात तो शब्द तसाच चालतो, पुस्तकात वेगळा चालतो. हे मुलांना कुणीतरी तोंडाने सांगावं लागतं. आपण मोठी माणसं सांगत नाही, कारण आपल्याला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच सुचत नाही.

त्यात यूट्यूबची भर. दादू हिंदीतले व्हिडिओ पाहायचा. हिंदीत ॲटमला 'परमाणु' म्हणतात आणि मॉलिक्यूलला 'अणु'. आपल्याकडे ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीतला 'क्षार' आम्लाच्या समोरच्या बाजूला बसतो. मराठी पुस्तकात त्या जागी आम्लारी आहे, आणि क्षार म्हणजे सॉल्ट. तीन भाषांतून एकच धडा गिळणाऱ्या पोराला आपण 'लक्ष देत नाही' म्हणून मोकळे होतो.

एवढं कळलं तरी एक कोडं उरत होतं. सहावीत वर्गात बडबड करणारा दादू सातवीत गप्प का झाला? तिसऱ्या भेटीत मी त्याला पुस्तकातून 'कॉपर इज अ गुड कंडक्टर ऑफ हीट' हे वाक्य वाचायला दिलं. तो 'गुड'पर्यंत आला आणि थांबला. मान खाली.

आई हळूच म्हणाल्या, "ह्याचे पप्पा एसटीत कंडक्टर आहेत."

वर्गात हे वाक्य आलं तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं होतं, "ह्याचे पप्पा तांब्याचे!" अख्खा वर्ग हसला. शिकवणाऱ्या बाईही हसल्या. मनात वाईट कुणाच्याच नसेल. पण त्या दिवसापासून उष्णतेचा धडा दादूने मिटून ठेवला आणि पाठोपाठ हात वर करणंही. मी ती दोनशे पानी वही पुन्हा चाळली. धड्यातला एकूण एक शब्द दहा-दहा वेळा होता. 'कंडक्टर' तेवढा नव्हता.

मी म्हटलं, पुढच्या वेळी पप्पांना येऊ द्या. त्यांना सवड मिळायला तीन आठवडे गेले. ड्यूटी संपवून, तिकिटाचं मशीन डेपोत जमा करून खाकी कपड्यांतच आले. मी त्यांना काही समजावलं नाही, फक्त विचारलं, "दादा, एसटीत तुमच्या कामाला मराठीत काय म्हणतात?"

"वाहक की. ड्रायव्हर चालक, मी वाहक."

मी मराठी माध्यमाचं सामान्य विज्ञानाचं पुस्तक दादूपुढे सरकवलं, तोच धडा उघडून. उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक. त्याने एकदा पुस्तकाकडे पाहिलं, एकदा पप्पांच्या शर्टावरच्या बिल्ल्याकडे.

पुढचं सगळं त्या दोघांनीच केलं. मी पाणीसुद्धा विचारलं नाही, मध्ये बोलले तर थांबतील या भीतीने. पप्पा म्हणाले, "यात्रेच्या वेळी गाडी खच्चून भरली की मी पुढे जाऊच शकत नाही रे. पैसे हातोहात माझ्याकडे येतात, तिकीट हातोहात जातं. कुणी जागेवरून हलत नाही."

दादूने पुस्तकातलं चित्र पाहिलं. सळईचं एक टोक ज्योतीवर, मेणाने चिकटवलेल्या टाचण्या एकामागून एक गळून पडताहेत. "म्हणजे माणसं हे कण," तो म्हणाला, "आणि तिकीट ही उष्णता."

वहन म्हणजे हेच. स्थायूतले कण आपापली जागा सोडत नाहीत, उष्णता तेवढी पुढे सरकते. मग दोघांना चेवच आला. स्टँड आलं की माणसं स्वतः उठून धक्के देत दाराकडे जातात, ते अभिसरण, पातेल्यातलं तापलेलं पाणी जसं स्वतःच वर चढतं. आणि प्रारण? सूर्याची उष्णता मधल्या पोकळीतून येते, तिथे हातोहात द्यायला कुणी नाही. दादू दोन मिनिटं छताकडे बघत बसला आणि एकदम ओरडला, "खिडकीतून रुमाल!" गाडी थांबायच्या आत बाहेरून रुमाल टाकून जागा धरतात, तसं. दारातून चढायचं कामच नाही.

मी काही विज्ञान शिकवणारी नाही, म्हणून हे सगळं एका शिक्षिका मैत्रिणीला विचारून घेतलं. ती पोट धरून हसली. म्हणाली, वहनाचं झकास आहे, अभिसरणाचं चालवून घेऊ, रुमाल मात्र फार ताणू नकोस. रुमाल ही वस्तू आहे आणि प्रारणात वस्तू जात नाही, ऊर्जा जाते. मी ते दादूला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "माहितीये मॅडम. आठवायला बरं पडतं."

यानंतर आम्ही घरच्या अभ्यासाचा क्रम फक्त उलटा केला. आधी वस्तू, मग त्याचे स्वतःचे शब्द, आणि सगळ्यात शेवटी पुस्तकातला शब्द. आईंनी एके संध्याकाळी फ्रिजमधल्या गार पाण्यात कोकम सरबत केलं, स्टीलच्या पेल्यात ओतलं आणि नुसतं ओट्यावर ठेवलं. थोड्या वेळाने पेल्याला बाहेरून घाम. पाणी आलं कुठून? "झिरपलं," दादू म्हणाला. आईंनी पांढऱ्या रुमालाने पेला पुसला. रुमालावर लाल रंगाचा ठिपका नाही. सरबत झिरपलं असतं तर रुमाल लाल झाला असता. दादूने वहीत लिहिलं, 'हवेतली वाफ गार पेल्याला लागून पाणी झाली.' त्या वाक्याखाली मग संघनन, त्याखाली कंडेन्सेशन. एकदाच. दहा वेळा नाही.

मराठी शब्द हाताशी असला की इंग्रजी कसा उकलतो याचं मला स्वतःलाच अप्रूप वाटतं. मायटोकॉन्ड्रियामधला ग्रीक 'मायटॉस' म्हणजे तंतू, 'कॉन्ड्रिऑन' म्हणजे कण, आणि मराठी पुस्तक म्हणतं तंतुकणिका. 'फोटो' म्हणजे प्रकाश, 'सिंथेसिस' म्हणजे जोडून तयार करणं, आणि आपलं प्रकाशसंश्लेषण. सेलचीही गोष्ट दादूला सांगितली. 1665 मध्ये रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्यात त्याला लहान लहान कप्पे दिसले, आणि मठातल्या खोलीचा शब्द त्याने त्या कप्प्यांना दिला. म्हणजे हूकनेही ओळखीचाच शब्द उचलला होता. अर्थात मराठी शब्दही कधी पाय अडकवतो. बाष्पीभवन हे विधानभवनासारखं 'भवन' आहे, असं समजून चालणारा एक पठ्ठ्या माझ्याकडे येऊन गेला आहे.

माध्यमाच्या प्रश्नावर मी आईवडिलांना सरळ सांगितलं की वर्षाच्या मध्यात काही बदलू नका. दोन्ही माध्यमांच्या पुस्तकांत धडे तेच आहेत, चित्रंही बहुतेक तीच, आणि बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात. दोन्ही पुस्तकं शेजारीशेजारी ठेवा. क्लासचे पैसे तूर्त राहू द्या. पेपरातले प्रश्नही एकदा त्याच्याकडून मराठीत सांगून घ्या, कारण 'डिस्टिंग्विश बिटवीन'पुढे दादू दोन व्याख्या लिहून मोकळा होत होता. फरक विचारला आहे हेच त्याला कळत नव्हतं.

एक गोष्ट मी पहिल्याच भेटीत तपासली होती, ती इथे सांगते. दादू मराठी उतारा घडाघडा वाचत होता. मूल मराठीतही अडखळत असेल, अक्षरांची उलटापालट करत असेल, फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळत असेल, तर आधी डोळे तपासा आणि अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती नोंदलेली आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत तिच्यासाठी सवलती आहेत. तिथे कोकम सरबताने भागणार नाही.

मार्चमध्ये आईंनी व्हॉट्सॲपवर वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. चाचणीत 11 पडले होते, पण ते त्यांनी खाली एका ओळीत उरकलं होतं. पानावर डावीकडे दादूचं अक्षर: 'गुड कंडक्टर – सुवाहक – तांबं, ॲल्युमिनियम, पप्पा.' त्याखाली 'बॅड कंडक्टर – दुर्वाहक – लाकूड, प्लास्टिक.' आणि त्यापुढे दुसऱ्या पेनाने, मोठ्या माणसाच्या तिरक्या अक्षरात भर घातलेली: 'सुट्टे परत न देणारा.'