आयपीव्ही६ पत्त्याचं शेपूट स्वतःच्या मनाने ठेवलं तर नियम मोडतो का?

नाही मोडत, बिनधास्त ठेवा (शेपूट म्हणजे पत्त्याचे शेवटचे ६४ बिट). राउटरकडून येणारा प्रीफिक्स, म्हणजे पत्त्याचा सुरुवातीचा भाग, बदलत राहतो पण सर्व्हरच्या पत्त्याच्या शेवटी कायम ::५३ च हवंय, आणि कोणीतरी सांगितलंय की 'युनिव्हर्सल बिट' बरोबर नसेल तर पत्ता अवैध, असा तुमचा प्रश्न आहे ना? ते बिटाचं आधी डोक्यातून काढा.

ही भानगड आली मॅकवरून, म्हणजे नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या पत्त्यावरून. जुन्या पद्धतीत (तिचं नाव ईयूआय६४) ४८ बिटांचा मॅक मधोमध फोडून त्यात एफएफएफई घुसवायचे आणि पहिल्या बाइटचा सातवा बिट (हाच तो 'युनिव्हर्सल बिट') उलटा करायचा, म्हणजे ००-११-२२-३३-४४-५५ चं होतं ०२११:२२एफएफ:एफई३३:४४५५. आता गंमत बघा, तो बिट उलटा करायचं ठरलं तेच मुळी हाताने ::१, ::२ असे सोपे आकडे देता यावेत म्हणून! म्हणजे तुमचं ::५३ जुन्या नियमातही बसत होतं. आणि २०१४ च्या आरएफसी ७१३६ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले दस्तऐवज) तर सरळ सांगून टाकलं की या ६४ बिटांमधल्या कुठल्याच बिटाचा वेगळा अर्थ लावू नका.

पाळायचं एवढंच, की प्रीफिक्स /६४ चा हवा, त्याच लिंकवर दुसऱ्या कोणाचा तोच पत्ता नको (डुप्लिकेट तपासणी चालू असू द्या, बंद करायच्या फंदात पडू नका), आणि राखीव आकडे टाळा. सगळे शून्य हा सबनेटमधल्या राउटरसाठी असतो, शिवाय एफडीएफएफ:एफएफएफएफ:एफएफएफएफ:एफएफ८० पासून पुढचे १२८ एनीकास्टचे, म्हणजे अनेक मशीनना मिळून एकच असलेल्या पत्त्यांचे.

लिनक्सवर याला 'टोकन' म्हणतात, शेपूट तुम्ही द्यायचं, प्रीफिक्स राउटरच्या जाहिरातीतून आपोआप चिकटतो. नेटवर्क सांभाळायला नेटवर्कमॅनेजर हा प्रोग्राम असेल तर पत्ता बनवायचा मोड ईयूआय६४ वर आणा, स्टेबल-प्रायव्हसी या दुसऱ्या मोडवर टोकन चालतच नाही आणि लोक इथेच डोकं आपटत बसतात. मशीनवर फॉरवर्डिंग (दुसऱ्यांचे पॅकेट पुढे पाठवणं) चालू असेल तर 'ॲक्सेप्ट आरए', म्हणजे राउटरची जाहिरात स्वीकारायचं सेटिंग, २ करावं लागतं, नाहीतर कर्नल टोकन घेतच नाही.

लॅपटॉप-मोबाइलला मात्र हे करू नका, शेपूट कायम तेच राहिलं की नेटवर्क बदललं तरी माग काढता येतो, तिथे आरएफसी ७२१७ वाले (दर नेटवर्कला वेगळं शेपूट देणारे) आणि तात्पुरते पत्तेच बरे. सर्व्हरचं वेगळं, त्याला सापडायचंच असतं, पण ::५३ सारखा आकडा स्कॅन करणाराही सगळ्यात आधी बघतो, तेव्हा फायरवॉल नीट लावा. तिथे नियम लिहिताना फक्त खालच्या ६४ बिटांचा मास्क द्या (म्हणजे तेवढेच बिट जुळवून बघायला सांगा), म्हणजे प्रीफिक्स बदलला तरी नियमाला हात लावावा लागत नाही.