गणपती काय अचानक येतात?

(जमाखर्च : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी घणसोलीला राहतो, वय ३९. तुर्भ्याला मालवाहतुकीच्या ऑफिसात आहे, हातात ४१,००० येतात. बायको लॅबमध्ये टेक्निशियन, तिचे २१,०००. दोन मुलं, घरभाडं १५,०००. कर्जं अशी : पर्सनल लोनचे २,२४,००० राहिलेत, व्याज १५ टक्के, हप्ता ८,३२६. क्रेडिट कार्डावर १,१८,००० आहेत, दर महिन्याला मिनिमम भरतो, गेल्या वेळी ५,९०० भरले. मोबाइलचे तीन-तीन हजारांचे पाच हप्ते बाकी. एका ॲपवरून घेतलेल्यातले १८,००० राहिलेत, हप्ता ३,४००. साडूकडून हातउसने ५०,००० घेतलेत. मुलीच्या नावाने महिना ३,००० ची आरडी (दर महिन्याला भरायची ठेव) आहे, त्यात ४१,००० जमलेत, तिला मात्र कधी हात लावला नाही. २० तारखेला खातं कोरडं पडतं, मग कार्ड. आता बँक दोन लाखांचं टॉप-अप, म्हणजे चालू कर्जावर वाढीव कर्ज, देतेय, १६ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, हप्ता ४,८६४. पर्सनल लोन सोडून बाकी सगळं त्यात फिटेल, १२,३०० च्या जागी ४,८६४ जातील. घेऊ का? बायको म्हणते, आधी खर्च लिहून काढ. पण मी चहा, वडापाव सगळं बंद केलंय, लिहायला उरलंय काय? ॲपचं आणि साडूचं तिला माहीत नाही. कार्डाची वर्षभराची स्टेटमेंटं जोडली आहेत. नाव छापू नये. तुमचं सदर आमच्याकडे तीच आधी वाचते.

उत्तर : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून मी आधी तुम्हाला उलटटपाली कळवलं होतं की घणसोली, लॅब, दोन मुलं एवढ्यावरून ती दोन ओळींत ओळखेल, तेव्हा अंक यायच्या आत तुम्हीच सांगा. तुमचं उत्तर आलं : ‘सांगितलं. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुकानातून शंभर पानी वही घेऊन आली.’ म्हणजे अवघड काम झालेलं आहे. आता आकडे.

तुमची बारा स्टेटमेंटं मी टेबलावर ओळीने मांडली. वसुली विभागात नऊ वर्षं काढल्याने ही खोड जात नाही, माणसाच्या पत्रापेक्षा त्याचं स्टेटमेंट आधी वाचते. बाहेरचं खाणं, चहा, वडापाव असं सगळं मिळून महिन्याला सरासरी तेराशे रुपये दिसले. चौघांच्या घरात ही उधळपट्टी म्हणायची तर कठीण आहे. मग बाकी फुगली कशाने, म्हणून मोठ्या नोंदींभोवती पेन्सिलने गोल केले. जूनमध्ये शाळेची फी आणि वह्यापुस्तकं, २३,५००. भाद्रपदात गावाला जाणं, गाडी, कपडे, आरास मिळून १९,०००. दिवाळीच्या आधी स्कूटरचा विमा आणि मागचा टायर, ७,२००. डिसेंबरात दोन लग्नांचे आहेर आणि एक बारसं, ११,०००. मार्चमध्ये एलआयसीचा हप्ता, १६,८००. बेरीज ७७,५००. कार्डावरच्या तुमच्या बाकीचा मोठा हिस्सा या पाच गोलांतून आलेला आहे.

आता मला सांगा, यातलं अनपेक्षित काय होतं? शाळा दर जूनला उघडते. एलआयसीची तारीख पॉलिसीवर छापलेली असते. आणि गणपती काय अचानक येतात? पुढच्या वर्षी लवकर या म्हणून आपणच त्यांना सांगून ठेवतो, आणि ते आले की कार्ड काढतो.

हे मी शहाणपणा म्हणून सांगत नाही, स्वतः खाल्लेला मार आहे. १९९७ मध्ये यजमानांची वागळे इस्टेटमधली कंपनी बंद पडली. मी नौपाड्यातल्या एका सहकारी बँकेत क्लार्क होते. दिवसभर दुसऱ्यांची खाती जुळवायची आणि घरी मात्र सोसायटीचं कर्ज, पतपेढीचं कर्ज आणि वाण्याकडे ११,४०० उधारी. मीही तेव्हा दुधात काटकसर, रिक्षा बंद, पायी स्टेशन असलं सगळं करून बसले होते. एका दुपारी वाण्याच्या दुकानात उधारी थोडी कमी करायला गेले, तर शेठ म्हणाले, ‘बघून घ्या ना बेन, सगळं लिहिलेलं आहे.’ लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट चोपडी. घरी न्यायला देईनात, म्हणून तिथेच तांदळाच्या गोणीवर बसून मी माझ्या नावाची पानं उतरवून घेतली. एरवीच्या दिवसाला दोन-तीन ओळी : डाळ, साबण, चहापत्ती. मग एकाच तारखेला रवा तीन किलो, साखर पाच, तूप, खोबरं, बेसन, आणि पान भरलेलं. ती गौरी-गणपतीची तारीख. तसंच एक पान मे महिन्यातलं, माहेरची माणसं सुट्टीत आली तेव्हाचं. तसंच एक संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं. माझा महिना मला पहिल्यांदा दिसला तो असा, वाण्याच्या अक्षरात. मी आपली दुधात पाणी मोजत होते.

म्हणून लिहायला उरलंय काय, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की वही उलटीकडून सुरू करा. मागच्या पानावर बारा महिने लिहा आणि प्रत्येकासमोर त्या महिन्यात ठरलेला खर्च. त्याला आमच्या घरात आजही ‘वर्षाचे पाहुणे’ म्हणतात. तुमच्या पाहुण्यांचे ७७,५०० भागिले १२, म्हणजे महिन्याला साधारण ६,४५०. एवढे पैसे पगाराच्या दिवशीच बाजूला काढून वेगळ्या बचत खात्यात टाकायचे. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेऊ नका, यूपीआयला जोडू नका. हा तुमचा सगळ्यात महत्त्वाचा हप्ता, बाकीच्यांच्या आधीचा.

‘पण ६,४५० आणू कुठून?’ हे तुम्ही आता मनात म्हणताय. सांगते.

कार्ड आधी बघू. तुमच्या कार्डाला महिना साडेतीन टक्के व्याज आहे. १,१८,००० वर ४,१३० व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी ७४३. तुम्ही भरलेल्या ५,९०० मधून मुद्दलात गेले फक्त १,०२७. त्यात मागची बाकी शिल्लक असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. त्या महिन्यात तुम्ही कार्डावर २,३०० चं रेशन भरलंय. म्हणजे भरूनही बाकी वाढलीच.

आणि याच वेळी ४१,००० आरडीत बसलेत. मुलीच्या नावाचे, म्हणून हात लावला नाही, हे मला समजतं. वसुलीला असताना दाराशी जप्तीची नोटीस आलेल्या घरांतही मुलीची ठेव तशीच ठेवलेली मी पाहिली आहे. पण साडेसहा टक्के धरले तरी त्या पैशांवर वर्षाला २,६०० च्या आसपास व्याज मिळणार, आणि तेवढ्याच पैशांच्या कार्डबाकीवर तुम्ही जीएसटीसकट वर्षाला २०,००० भरताय. ते २०,००० पण मुलीचेच आहेत. आरडी मोडा. मुदतीआधी मोडल्याने थोडं व्याज कापतील, कापू दे. सगळे ४१,००० कार्डात भरा.

उरले ७७,०००. कार्डाच्या बँकेला विचारा की ही बाकी हप्त्यांत बदलून द्याल का. बहुतेक बँका देतात. १८ टक्क्यांनी २४ महिने मिळाले तर हप्ता ३,८४४, वर व्याजावरचा जीएसटी, म्हणजे सुरुवातीला चार हजारांच्या आसपास. प्रोसेसिंग फी किती आणि आधी फेडलं तर दंड किती, हे दोन प्रश्न फोनवर न विचारता ईमेलने विचारा, उत्तर हातात राहतं. आता आरडीचे ३,००० सुटले, कार्डाच्या हप्त्यातून १,८०० ते १,९०० सुटले. ६,४५० ला साधारण १,६०० कमी पडतात. ते वहीच्या पुढच्या पानांतून निघतील, आणि ओढाताण होईल. पहिले सहा महिने खरंच त्रासाचे आहेत, मी गोड बोलत नाही. सहाव्या महिन्यात ॲप आणि मोबाइल दोन्ही संपतात आणि ६,४०० मोकळे होतात.

टॉप-अपचं गणित तुम्ही चूक मांडलेलं नाही. हप्ता खरोखरच कमी होतो. माझी भीती निराळी आहे. कार्ड शून्यावर येईल, त्याची मर्यादा तशीच राहील, आणि पुढच्या जूनला शाळा पुन्हा २३,५०० मागेल. तेव्हा बाजूला काढलेले पैसे नसतील तर कार्ड पुन्हा भरणार, आणि त्याशिवाय पाच वर्षांचा ४,८६४ चा हप्ता डोक्यावर. टॉप-अपवर टॉप-अप घेतलेली किती तरी माणसं माझ्या टेबलासमोर बसून गेली. सगळी सुशिक्षित होती, हिशेबालाही पक्की होती. सहा महिने पाहुण्यांचे पैसे न चुकता बाजूला पडले, तर टॉप-अपचा विचार पुन्हा करा. त्याआधी नको. कार्डाची मर्यादा मात्र आत्ताच कमी करायला सांगा.

वहीची पुढची पानं अगदी साधी ठेवा. तारीख, कोणाला, किती. किराणा, करमणूक, संकीर्ण असले रकाने आखू नका, आखले की चौथ्या दिवशी वही बंद पडते. रोज सकाळी गाडीत बसलात की कालचा यूपीआयचा इतिहास उघडायचा आणि उतरवायचा. घणसोली ते तुर्भे मध्ये एकटं कोपरखैरणे, तेवढ्यात पाच-सहा नोंदी सहज होतात. रविवारी दोघांनी मिळून बेरीज करायची. दोघांनी, हे महत्त्वाचं. आमच्याकडे बेरीज मी करायचे आणि यजमान वाचून दाखवायचे. भांडणं व्हायची, पण एकाच आकड्यावरून व्हायची.

साडूचे ५०,००० बिनव्याजी आहेत, म्हणून गणिताने ते शेवटी फेडायचे. मी मात्र तसं सांगणार नाही. आजच फोन करून सांगा की सात महिन्यांनंतर महिना २,००० देईन, आणि ठरल्या तारखेला द्या. न मागणाऱ्या माणसाचं देणं सगळ्यात जास्त टोचतं, दिवाळीला त्यांच्या घरी जायचं टाळलंत ना या वर्षी? पत्रात नाही, पण स्टेटमेंटात तिकडचं पेट्रोल दिसलं नाही.

आणि वडापाव चालू करा. आठवड्यातून एकदा, वहीत लिहून.

प्रश्न : माझ्या भावाने कर्ज घेतलंय, दोन हप्ते थकलेत. वसुलीवाले रात्री ९ नंतर फोन करतात, शेजारणीलाही फोन करून सांगितलं. आम्ही काय करावं? (एक वाचक, कळवा)

उत्तर : रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. कर्जदाराच्या नातेवाइकांना, मित्रांना त्रास देणं, चारचौघांत बेअब्रू करणं यालाही बंदी आहे. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, नंबर लिहून ठेवा. शेजारणीकडूनही तिला आलेल्या फोनचा नंबर आणि वेळ घ्या. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार विभागाला लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही. त्याच पत्रात थकलेले दोन हप्ते कसे भरणार तेही लिहा. वसुलीवाल्याची वागणूक चुकीची असली तरी देणं चुकीचं ठरत नाही. आणि कोणी ‘सेटल करून टाकू, अर्धेच भरा’ म्हणालं, तर लगेच हो म्हणू नका. सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढच्या कर्जाच्या वेळी तो आडवा येतो. हा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, भावाला आजच काढायला सांगा.

प्रश्न : तुमचं वाचून खर्च लिहायला लागले. पासबुकाशी ताळा करायला गेले तर भाजी, रिक्षा, दूध कुठेच दिसत नाही. (गृहिणी, ऐरोली)

उत्तर : तुमच्या फोनवर यूपीआय लाइट चालू असणार. त्यात एकदम पैसे भरून ठेवायचे आणि पिन न टाकता छोटी पेमेंटं करायची, अशी सोय आहे. पासबुकात फक्त भरलेल्या रकमेची नोंद येते, पुढचे खर्च ॲपच्या इतिहासातच राहतात. सोय उत्तम आहे, पण नवशिक्या हिशेबनिसाला घातक. पहिले तीन महिने लाइट बंद ठेवा, त्यातली शिल्लक खात्यात परत येते. मग भाजीवालीला दिलेले पाच रुपयेही पासबुकात दिसतील.