शिष्यवृत्तीचे ५५,२०० रुपये खात्यात आले, कॉलेज म्हणतं सात दिवसांत भरा. हे पैसे नक्की कोणाचे?

आधी थेट उत्तर देतो. या ५५,२०० पैकी ५१,००० कॉलेजचे आणि ४,२०० तुमचे. शिवाय आणखी ३६,८०० रुपये तुमच्या नावावर सुटलेले असणार, ते शोधायचे बाकी आहेत.

तुम्ही लिहिलंय की कोपरखैरण्याला घरीच राहता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, अनुसूचित जातीतून भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, मंजूर झालाय आणि वर्षाची मंजूर फी ८५,००० आहे. वसतिगृहात न राहणाऱ्या विद्यार्थ्याला पदवीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी वर्षाला ७,००० रुपये शैक्षणिक भत्ता असतो. (वसतिगृहात असता तर १३,५०० मिळाले असते. साध्या बी.कॉम.ला घरून जाणाऱ्याला ३,०००.) म्हणजे फी आणि भत्ता मिळून ९२,०००. याचे साठ टक्के काढून बघा, बरोबर ५५,२०० येतात. खात्यात आलेला आकडा केंद्र सरकारचा वाटा आहे.

हे साठ-चाळीस २०२०-२१ पासून आलं. खर्चाचा साठ टक्के भार केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा, आणि २०२१-२२ पासून केंद्राचा वाटा कॉलेजला न जाता थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात. गोंधळाचं मूळ इथेच आहे. त्याआधी फी परस्पर कॉलेजच्या खात्यात जायची, पोराच्या हातात पडायचा तो फक्त भत्ता. त्यामुळे या बदलाआधी शिकलेला कुठलाही सीनियर, चुलतभाऊ, शेजारचा दादा छातीठोकपणे सांगतो, "खात्यात आले ना, मग तुझेच." त्याच्या वेळी ते खरं होतं.

मी यात स्वतः पोळलोय. २०२२ सालची गोष्ट. आम्ही कळव्याला चाळीत राहायचो, वडील तुर्भ्याच्या मार्केटला माथाडी. एक दिवस मोबाइलवर मेसेज आला, आकडा बघून घरात सगळे गप्प. एवढी रक्कम आमच्या कुणाच्याही खात्यात एकरकमी कधी आली नव्हती. मे महिना होता, पत्रे गळत होते. वडिलांनी विचारलं, "हे तुझेच ना?" मी हो म्हणालो. मला तसंच वाटत होतं. पत्रे बदलले, किराणावाल्याची उधारी मिटवली, आईचा चष्मा झाला. जुलैत कॉलेजने फीचा हिशेब काढला आणि परीक्षेचा फॉर्म अडवला. पुढचे सात महिने महापेच्या एका गोदामात रात्रपाळी करून ती रक्कम फेडली. वडील पत्र्यांकडे बघून बरेच दिवस काही बोलायचे नाहीत. तेव्हा कॉलेजचा मला भयंकर राग आला होता, पण सात दिवसांची मुदत कॉलेजने मनाने काढलेली नव्हती, हे नंतर कळलं. तुमचं कॉलेजही तसं करत नाहीये. माझा आक्षेप एवढाच की हे प्रवेशाच्या दिवशीच कुणीतरी बापाला समोर बसवून सांगायला हवं होतं.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल. ती म्हणते "हे आपलेच असतात", ते खोटं नसावं. ती बाहेरगावची आहे आणि घणसोलीत खोली घेऊन राहते, असं तुम्ही लिहिलंय. मग तिला बहुतेक डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचे पैसे येत असणार. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या, घरापासून लांब शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी ती योजना आहे. ठाणे, नवी मुंबई, मुंबई, पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० मिळतात: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. त्यातला एक रुपयाही कॉलेजचा नसतो. बँकेतलं खातं एकच, पैसे देणारं सरकारी खातंही एकच, म्हणजे समाजकल्याण, पण दोन पैशांचा जन्म वेगळा. तुम्ही घरी राहता, त्यामुळे स्वाधारमध्ये तुम्ही बसत नाही.

उरलेल्या ३६,८०० कडे वळू, कारण खरी धावपळ इथेच आहे. केंद्र आपला वाटा तेव्हाच सोडतं, जेव्हा राज्याने आपला चाळीस टक्के वाटा सोडलेला असतो. म्हणजे साठ आले असतील तर चाळीस आधीच सुटलेले आहेत, "अजून शासनाकडून आले नाहीत" हे उत्तर कुणी दिलं तरी ऐकून घेऊ नका. महाडीबीटीच्या लॉगिनमध्ये जाऊन त्याच वर्षाचा अर्ज उघडा. बहुतेक वेळा तिथे व्हाउचर, म्हणजे मंजूर रकमेची ऑनलाइन चिठ्ठी, रिडीम करायचं (वटवायचं) राहिलेलं असतं. विद्यार्थ्याने ते बटण दाबल्याशिवाय रक्कम पुढे सरकत नाही, आणि त्यानंतर कॉलेजलाही त्यांच्या लॉगिनमधून त्यांचं रिडीम करावं लागतं. कॉलेज मुलाला विचारतं पैसे कुठे, मूल कॉलेजला विचारतं, आणि व्हाउचर दोघांची वाट बघत पडून असतं. फीचे किती आणि भत्त्याचे किती, ही फोडही तिथेच दिसते. तुमच्या बाबतीत ती ३४,००० आणि २,८०० अशी यायला हवी.

व्हाउचर रिडीम झालेलं दिसतंय, तरी पैसे नाहीत? मग ते दुसऱ्या खात्यात गेलेत का ते बघा. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं "आधार लिंक" झालं असं आपण समजतो, पण सरकारी पैसा एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत ज्या बँकेचं नाव असेल तिथे जातो. त्या नोंदीत एका आधारला एकच बँक असते, शेवटी जोडलेली. स्टेशनबाहेरच्या छत्रीखाली सिम घेताना अंगठा दिला आणि सोबत पेमेंट्स बँकेचं खातं उघडलं गेलं, हे आमच्या चाळीत तिघांच्या बाबतीत झालंय. माय आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस बघा, बँकेचं नाव आणि ते चालू आहे की नाही हे दोन मिनिटांत कळतं. तुमच्या बाबतीत दोन हप्त्यांच्या मधे बँक बदलली असेल, तर साठ टक्के एका बँकेत आणि चाळीस टक्क्यांपैकी तुमच्या खात्यात यायचे ते दुसऱ्या बँकेत असं होऊ शकतं. पीएफएमएस या केंद्र सरकारच्या पेमेंटच्या साइटवर बँकेचं नाव आणि खाते क्रमांक टाकूनही सरकारी जमा शोधता येते.

कॉलेजला भरताना रोख देऊ नका. कॉलेजच्या खात्यावर ट्रान्सफर करा, पावती घ्या, आणि पावतीवर शैक्षणिक वर्ष लिहिलंय ना ते काउंटरवरच वाचा. प्रवेशाच्या वेळी तुम्ही काही रक्कम भरली होती का, हे प्रश्नात नाही. भरली असेल तर ती ८५,००० मधून वजा करून घ्या, तेवढे पैसे तुमच्या घरचे आहेत आणि ते घरीच परत जायला हवेत. अकाउंट्समधून स्वतःचं लेजर, म्हणजे फीच्या जमा-बाकीचा उतारा, मागा. त्यात बसचे पैसे, परत मिळणारं डिपॉझिट असं काही असेल तर ते शिष्यवृत्तीत धरलेलं नसतं, ते वेगळं मोजा. तरीही काउंटरवरचा माणूस "पूर्ण ८५,००० आजच भरा" म्हणालाच, तर राज्याच्या वाट्याचं व्हाउचर कुठे अडलंय त्याचा स्क्रीनशॉट लावून प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

समाजकल्याणला जावं लागलंच, तर आधी एक बघून निघा: फाईल तुमच्या घराच्या नाही, कॉलेजच्या जिल्ह्याला असते. कॉलेज वाशी, नेरूळ, ऐरोलीत असेल तर ठाण्याचं सहाय्यक आयुक्त कार्यालय. खारघर किंवा पनवेलला असेल तर तो रायगड जिल्हा, म्हणजे अलिबाग. मी एक पूर्ण दिवस ठाण्यात चुकीच्या रांगेत काढलाय.