चार नंबरचं मशीन

प्रश्न : काका, मी आणि माझा रूममेट ‘क्वेक ३ अरेना’ हा गोळीबाराचा जुना कॉम्प्युटर गेम खेळतो. मारामारी नाही, एका नकाशावर ठरलेली फेरी घड्याळ लावून मारायची, एवढंच. दिवाळीत मी जुना ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर काढून १४४ हर्ट्झचा घेतला. गेममधली फ्रेमची (सेकंदाला किती चित्रं बनवायची त्याची) मर्यादा १२५ होती ती १४४ केली आणि व्ही-सिंक (गेमने मॉनिटरच्या तालावरच चित्र द्यायचं) चालू केलं. चित्र लोण्यासारखं झालं, पण वाटेतल्या एका कठड्यावरची उडी, जी पूर्वी सहज जमायची, ती आता जमतच नाही. वळसा घालावा लागतो. रूममेट म्हणतो, मनाचे खेळ आहेत. वर तोच सांगतो की रिझोल्युशन ६४०×४८० ला उतरव, वेळ कमी येईल. ते करून पाहिलं. आधी १०८०वर वीस फेऱ्या, मग ६४०वर वीस. सरासरी ३४.४ सेकंदांवरून ३४.१ वर आली. पडलो त्या फेऱ्या धरल्या नाहीत. सगळे आकडे सोबत पाठवतोय. आमच्यात कोण बरोबर?
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : उडीचं तुझं बरोबर आहे. रिझोल्युशनचं मात्र दोघांचंही चुकतंय. पण तू आकडे लिहून ठेवलेस, नुसतं ‘फरक जाणवतो’ असं म्हणाला नाहीस, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझी फजिती ऐक. २००३ च्या सुमारास नाशिकला माझं सायबर कॅफे होतं. सहा मशीन, तासाला वीस रुपये. संध्याकाळी कॉलेजची पोरं हाच गेम खेळायला यायची आणि सगळ्यांना बसायचं असायचं चार नंबरवर. बाकीची पाच रिकामी असली तरी चारसाठी वहीत नाव लिहून बाकड्यावर बसून राहायची. म्हणायची, ‘काका, चारवर उडी लांब पडते.’ मला वाटलं, माउस चांगला असेल. चारचा माउस दोनला लावला, दोनचा चारला. रांग चारचीच. मॉनिटर बदलला, कीबोर्ड बदलला, शेवटी खुर्चीसुद्धा. काही उपयोग नाही. मग मी धंदेवाईक माणसाने करावं तेच केलं, चारचा दर पंचवीस केला. तरी रांग हटेना.

कारण कळलं ते एका शांत मुलामुळे. त्याने चार आणि पाच शेजारी शेजारी चालू करून स्क्रीनच्या कोपऱ्यात फ्रेमचा आकडा आणला. चारवर १२५, पाचवर ६०. सगळ्या मशीनवर मीच ग्राफिक्स खाली उतरवून मर्यादा १२५ घातलेली होती, मग हा ६० कुठून आला? तेव्हा आठवलं. मागे एका गिऱ्हाइकाने तक्रार केली होती की वळताना चित्र आडवं फाटतं. म्हणून मी ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये जाऊन व्ही-सिंक ‘कायम चालू’ करून ठेवलं होतं. बाकीच्या पाचच मशीनवर, कारण चार नंबरचं त्या आठवड्यात दुरुस्तीला गेलेलं. शिवाय तेव्हाच्या विंडोजवर डेस्कटॉप ८५ हर्ट्झवर असला तरी गेम सुरू झाला की मॉनिटर बहुधा ६०वर उतरायचा. म्हणजे पाच मशीनना मीच वेसण घातली होती आणि सहाव्याचे जादा पैसे घेत होतो.

पण स्क्रीन किती वेळा बदलते यावर उडीची उंची कशी ठरेल? याचं उत्तर मला आणखी काही वर्षांनी मिळालं. २००५ साली हा गेम बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरने त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ प्रोग्रॅम, खुला केला. त्यात खेळाडूच्या हालचालीचा जो भाग आहे, त्याच्या शेवटी प्रत्येक फ्रेमला वेगाचे आकडे पूर्णांकात आणून सोडलेले आहेत. हेतू साधा होता, नेटवर्कवरून कमी डेटा जावा. १९९९ चा गेम, लोक मोडेमवर खेळत होते. त्या काटकसरीतून ही गंमत झाली.

कागद घे. गेममध्ये गुरुत्वाकर्षण ८००, म्हणजे वर जाण्याचा वेग दर सेकंदाला ८०० ने घटायला हवा. उडी मारताना सुरुवातीचा वेग २७०. तू १२५ फ्रेमवर असलास तर एक फ्रेम ८ मिलिसेकंदांची. तेवढ्यात वेग ६.४ ने घटतो, २६३.६ होतो, आणि गेम त्याला जवळच्या पूर्णांकात बसवतो : २६४. म्हणजे ६.४ जायला हवे होते, गेले ६ च. पुढच्या फ्रेमला पुन्हा तेच. सेकंदात १२५ वेळा ६, म्हणजे ७५०. तुझ्यासाठी गुरुत्वाकर्षण ८०० चं ७५० झालं.

आता नवा मॉनिटर. १४४ हर्ट्झला व्ही-सिंक लावलं की फ्रेम साधारण ७ मिलिसेकंदांची. वेग ५.६ ने घटतो, २६४.४ होतो, आणि पूर्णांकात बसला की पुन्हा २६४! तोच आकडा, पण ८ ऐवजी ७ मिलिसेकंदांत. सेकंदाला अशा जवळपास १४३ फ्रेम, प्रत्येकीत ६ वजा, म्हणजे गुरुत्वाकर्षण ८५७ च्या घरात. उंचीत मांडलं तर पूर्वी तुझी उडी गेमच्या मापातल्या साडेअठ्ठेचाळीस एककांच्या आसपास जायची, आता साडेबेचाळीसच्या. गेममधला माणूस ५६ एकक उंच आहे, त्या मानाने सहा एकक म्हणजे तुझ्या-माझ्यासारख्याची वीतभर उंची. वीतभर कमी उडी मारून कठडा कसा गाठशील?

माझ्या कॅफेतली पाच मशीन १६-१७ मिलिसेकंदांवर होती, त्यांची उडी पंचेचाळीसच्या जरा खाली. म्हणजे महागडा मॉनिटर लावून तू माझ्या विसाच्या मशीनपेक्षाही खाली उतरलास. वाईट वाटून घेऊ नकोस, मी हसलो नाही. थोडंसंच हसलो.

उपाय सोपा आहे. फ्रेमची मर्यादा ठरवणारं कॉम_मॅक्सएफपीएस पुन्हा १२५ कर, व्ही-सिंक बंद कर. चित्र किंचित फाटेल, फाटू दे. दुसरा मार्ग गेममधलं पीमूव्ह_फिक्स्ड हे सेटिंग १ करण्याचा. त्याने हालचालीचा हिशेब ८ मिलिसेकंदांच्या ठरावीक पावलांनी होतो आणि मॉनिटर कुठलाही असो, उडी तीच. दोघांनी मिळून वेळा ताडून पाहायच्या असतील तर मी हाच मार्ग सांगेन, नाहीतर तुमच्या फेऱ्यांची तुलनाच होत नाही. कुणीतरी तुला फ्रेमच्या मर्यादेसाठी ३३३चा आकडाही सांगेल. तीन मिलिसेकंदांत २.४ ऐवजी २ च जातात, उडी चोपन्न-पंचावन्नपर्यंत चढते. पण मग ती फेरी १२५ वाल्यांच्या शेजारी लिहायची नाही. डिफ्रॅग या वेळेच्या धावांसाठीच बनवलेल्या मोडमध्ये (गेमच्या बदललेल्या आवृत्तीत) १२५ हाच सर्वमान्य आकडा आहे, तो उगाच नाही.

आणि हे माझ्या शब्दावर घेऊ नकोस. यासाठी चाळीस फेऱ्याही मारायला नकोत. फ्रेमचा आकडा स्क्रीनवर आण, त्या कठड्याखाली उभा राहा, १२५वर दहा उड्या, १४४वर दहा. फेरीत शंभर गोष्टी घडतात, उडीत एकच घडते. जे तपासायचं ते एवढं लहान करता आलं तर फेरीच्या वेळेवरून अंदाज बांधायची गरज उरत नाही.

आता रूममेटचं ६४०×४८०. तुझे आकडे मी दोन-दोन तुकड्यांत मांडले. १०८०च्या पहिल्या दहा फेऱ्यांची सरासरी ३४.६, पुढच्या दहांची ३४.२. सेटिंगला हात लागला नव्हता तरी वेळ ०.४ ने उतरली! मग ६४०च्या पहिल्या दहांची ३४.२, शेवटच्या दहांची ३४.०. म्हणजे तुझा हात बसत गेला, बस्स. ६४० नेमकं नंतर आलं म्हणून श्रेय त्याला मिळालं. उलट क्रमाने केलं असतंस तर आज मला १०८०चं कौतुक वाचावं लागलं असतं. शिवाय एकाच सेटिंगच्या वीस फेऱ्यांत तुझी सर्वांत चांगली आणि सर्वांत वाईट वेळ यांत तीन सेकंदांचं अंतर आहे. त्यात ०.३ चा फरक नुसत्या नशिबानेही पडतो.

पडलेल्या फेऱ्या गाळल्यास तेही बरं नाही. समज, एखाद्या सेटिंगवर तू जास्त धाडस करतोस, दहातून चारदा पडतोस, आणि उरलेल्या सहा झकास येतात. गाळलेल्या चार दिसल्याच नाहीत तर ते सेटिंग वेगवान वाटणारच. फेरी पडली तर ‘पडली’ असं लिही, ओळ मात्र सोडू नकोस.

पुन्हा करायचं असेल तर क्रम चिठ्ठ्यांवर ठरव. वीस चिठ्ठ्या, दहांवर ‘मोठं’, दहांवर ‘लहान’, डब्यात घालून एकेक काढ. व्ही-सिंकसारखी गोष्ट असती तर म्हटलं असतं, रूममेटला सेटिंग करू दे आणि तू पाठ फिरवून बस. इथे ते चालणार नाही, ६४० समोर आलं की ओळखू येतंच, आणि ओळखलं की हात आपोआप जरा जोर लावतो. म्हणून आधी साधी गोष्ट बघ : दोन्ही रिझोल्युशनवर कोपऱ्यातला आकडा अख्खी फेरी १२५वर खिळून राहतो का? राहत असेल तर गेमच्या हिशेबात काहीही बदललेलं नाही. आजच्या कुठल्याही लॅपटॉपला हा गेम म्हणजे दाणे खाण्यासारखं, त्यामुळे राहीलच. माझ्या जुन्या मशीनवर रिझोल्युशन उतरवल्याने खरोखर फायदा व्हायचा, कारण वर नेलं की १२५ टिकायचे नाहीत. तुझ्या रूममेटने ऐकलेला सल्ला त्या काळचा असावा.

व्ही-सिंकची दुसरी बाजूही आहे. ते तयार झालेलं चित्र मॉनिटरच्या पुढच्या पाळीपर्यंत थांबवून धरतं, त्यामुळे की दाबल्यापासून दिसेपर्यंत थोडा उशीर होतो. ६० हर्ट्झवर एक पाळी १६.७ मिलिसेकंदांची, ती जाणवते. हा परिणाम तुझ्या हातावर होतो, गेमच्या गणितावर नाही. तपासताना या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस.

सगळेच गेम असे नसतात. १९९३च्या ‘डूम’चा आतला हिशेब सेकंदाला ३५ वेळा होतो, स्क्रीन काहीही करो. उलट ‘डार्क सोल्स २’ पीसीवर ६० फ्रेमने चालवला की शस्त्रं ३० फ्रेमच्या मानाने दुप्पट वेगाने झिजायची. म्हणून ‘एफपीएस (सेकंदाच्या फ्रेम) वाढवला की फायदा’ असा सरसकट नियम कुणी सांगितला तर त्याला गेमचं नाव विचार.

प्रश्न : माळ्यावरून आमच्या लहानपणीचा टीव्ही गेम काढला, चक्क चालू झाला. मुलगा ‘सुपर मारिओ’ खेळतो. पण पाच मिनिटांच्या आत गेम संपवणाऱ्यांचे व्हिडिओ बघून तो म्हणतो की आपला मारिओ संथ पळतो, गाणंही रेंगाळतं. संच बिघडलाय का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : ताई, बहुधा नाही. त्या काळी आपल्याकडचे टीव्ही ‘पाल’ या प्रसारण पद्धतीचे होते, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे, आणि गेमचे संचही त्याच तालाचे. जपान-अमेरिकेतले ६० चे. हा गेम वेळ फ्रेम मोजूनच मोजतो, त्यामुळे ६० साठी लिहिलेली कार्ट्रिज ५० च्या संचात घातली की मारिओ, शत्रू, गाणं, घड्याळ, सगळंच पाच-षष्ठांश वेगाने चालतं. पाच मिनिटांची फेरी सहा मिनिटांची होते. चिरंजीवांनी मात्र आपल्या सहा मिनिटांना पाच म्हणून घेऊ नये. संथ गेममध्ये उडीला विचार करायला वेळही जास्त मिळतो.

खात्री करायची तर मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. वर उजवीकडे जो वेळेचा आकडा उतरतो, तो २४ फ्रेमला एकाने उतरतो. ३५० पासून २५० होईपर्यंत मोजा, मारिओला एका जागी सुरक्षित उभा ठेवून. ४० सेकंद लागले तर संच ६० चा, ४८ लागले तर ५० चा. याहून बरेच जास्त लागले तरच दुरुस्तीवाल्याकडे न्या.