बाबांना (इंदूर) कॅन्सर आहे, डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअर सुचवली. म्हणजे उपचार संपले का?

नाही, तसा अर्थ काढू नका. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं आणि आजाराचे इतर त्रास कमी करणारी सेवा. केमो चालू असतानाही ती घेता येते, उलट लवकर सुरू झाली तर बरंच. फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवर बोस्टनमध्ये झालेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीपासून ही सेवा मिळालेले रुग्ण सरासरीने जास्त जगले.

मॉर्फिनला (तीव्र वेदनांवरचं औषध) बिचकू नका. साधी गोळी सहसा दर चार तासांनी, घड्याळ बघून देतात. कळ यायची वाट बघत बसायचं नाही. डोस डॉक्टरच ठरवतील, पण बद्धकोष्ठ बहुतेकांना होतंच, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्याच दिवशी मागून घ्या.

डॉक्टर चांगले असतील तर फाइल उघडण्याआधी बाबांनाच विचारतील: झोप लागते का, जेवण जातं का, कशाची काळजी वाटते. आपल्याकडे मुलगा मागे उभा राहून ‘सांगू नका’ अशी खूण करतो. (बाबांना बहुधा सगळं कळलेलं असतं.) त्यांना किती जाणून घ्यायचंय ते त्यांना ठरवू द्या. आणि त्यांना इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायच्या असतील, तर केमोची तारीख पुढेमागे होईल का, हे डॉक्टरांना बिनदिक्कत विचारा.