आधी आकृती, पण कुणाची?

खरेदी विभागाची सिस्टीम करताना आधी प्रक्रियेची आकृती काढू की थेट डेटाबेसची टेबलं, आणि आकृतीसाठी बीपीएमएन (कामाचा प्रवाह दाखवायची चिन्हपद्धती) घेऊ की यूएमएल (सॉफ्टवेअरच्या रचनेच्या आकृत्यांची चिन्हपद्धती), असं तुम्ही विचारलंय. आकृती आधी. फक्त ती केबिनमध्ये बसून साहेबांनी सांगितलेल्या प्रक्रियेची नको.

मी एकदा तेच केलं होतं. मागणी, मंजुरी, ऑर्डर, माल, बिल असे पाच चौकोन एका रेषेत. त्यावरून ऑर्डरच्या टेबलात ‘माल मिळाला: हो/नाही’ असा कॉलम ठेवला. पहिल्याच आठवड्यात १०० नगांच्या ऑर्डरचे ६० आले. भांडारातल्या माणसाने ‘हो’ टाकलं आणि पूर्ण बिल मंजूर झालं. त्याची काय चूक? ‘थोडा आला’ म्हणायला आम्ही जागाच ठेवली नव्हती. माल येणं ही स्वतंत्र घटना, एका ऑर्डरवर ती कितीदाही घडते आणि बिल ऑर्डरशी आणि आलेल्या मालाशी, दोन्हींशी ताडायचं असतं. भांडाराच्या दारात तासभर उभा राहिलो असतो तर हे तेव्हाच दिसलं असतं.

म्हणून प्रत्येक चौकोनापाशी विचारा: मागच्या वेळी अडलं तेव्हा काय केलंत? मग कळतं, मंजुरी देणारे रजेवर होते, फोनवर ‘हो’ म्हणाले, सही दोन दिवसांनी झाली. म्हणजे अधिकार सोपवायची सोय हवी, आणि मंजुरीची तारीख व नोंदीची तारीख वेगवेगळी हवी.

चिन्हांवरून वाद घालू नका. मी बीपीएमएन घेतो, २.० आवृत्ती २०११ची, पुढे २०१३मध्ये आयएसओ मानकही झाली. लेनला, म्हणजे कोणतं काम कोणाचं ते दाखवणाऱ्या पट्ट्याला, माणसाचं नाही, भूमिकेचं नाव द्या. परवानग्या तिथूनच ठरतात. दोन पूलमधली (एकेका संस्थेच्या मोठ्या चौकटींमधली) तुटक रेषा दिसली की तिथे बाहेरच्यांशी देवाणघेवाण आहे, इंटरफेसचा विचार करा. घड्याळाचं चिन्ह असेल तिथे बहुधा वेळेवर आपोआप चालणारा जॉब लागतो. ऑर्डरच्या अवस्थांसाठी मात्र यूएमएलची स्टेट डायग्राम बरी पडते. आणि ‘किती रकमेला कोणाची सही’ यासाठी दहा डायमंड (फाटा फुटण्याची चिन्हं) काढू नका, साधा निर्णयतक्ता करा. नियम बदलला तर आकृतीला हात लावावा लागत नाही.

टेबलं काढण्याआधी एखाद्या रखडलेल्या जुन्या ऑर्डरची फाईल मागा आणि तिचे कागद एकेक करून आकृतीवरून फिरवा. बोट जिथे अडेल तिथे चौकोन राहिलाय. तुमच्याकडे परत पाठवलेल्या मालाचं काय होतं? ते लिहा, बहुतेक तिथेच अडेल.